गुऱ्हाळातल्या मठात आमची आत्ती

आमच्या पुण्याच्या दिग्दर्शकाला आतल्या आत धुमसत राहणारा सिनेमा करायचा होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून त्यानं हे सांगितलं. कोल्हापुरात तोवर सिनेमा म्हणजे पाटील, पाटलाचा चाबूक, तमाशाचा फड आणि शेवटी मारामारी. धुमसायला कुणाला सवड नव्हती. आमच्या मेकअपवाल्यानं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, की फाइट कितव्या रिळात आहे. फाइट नाही म्हटल्यावर त्यानं लावणीची चौकशी केली. तीही नाही म्हटल्यावर तो बिचारा पावडरचा डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते आणि सुट्टीत सिनेमात गर्दी करायचे. म्हणजे बाजारातली बाई, लग्नातली बाई, आग लागल्यावर पळणारी बाई, असली कामं. तोंडाला कधी वाक्य आलं नाही, पण पळण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आमचे आबा फाउंड्रीत कामाला. त्यांनी मला सिनेमात जाऊ दिलं याचं गल्लीला नवल वाटायचं, पण त्यांची अट होती: शूटिंगला जायचं तर आत्तीला बरोबर न्यायचं.

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आमच्या गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नळावर तिची घागर दिसली की बाकीच्या घागरी आपोआप बाजूला व्हायच्या. पण एवढी दांडगी बाई हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या दारानं शेजारी निघून जायची. लग्नात ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. अंगावर कायम कुठला तरी विटका रंग आणि डोक्यात कधी फूल नाही. हे नियम कुणी घातले असं विचारलं तर घरात कुणीच घातलेले नव्हते. आबांनी नाही, आईनं नाही. आत्तीच ते सगळ्यात कडक पाळायची. मी तिला एकदा गजरा देऊ केला तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

तर सिनेमा असा होता. एका बाईची धाकटी बहीण कुठल्या तरी महाराजांच्या पंथाला लागते, घरदार सोडून मठात राहायला जाते. मग ही थोरली बहीण भक्तीण असल्याचं सोंग घेऊन मठात शिरते, बहिणीला बाहेर काढायला. एवढंच. दोन तास ती नुसती सगळ्यांकडे बघत असते. निर्माता होता गुळाचा व्यापारी. त्याला कुणी तरी सांगितलं होतं की असल्या सिनेमाला बक्षिसं मिळतात, म्हणून त्यानं होकार दिला आणि मठासाठी कळंब्याच्या तलावाजवळचं आपलं गुऱ्हाळही दिलं. उन्हाळ्यात गुऱ्हाळ बंदच असतं. रस उकळायचं चुलवण बुजवून त्यावर महाराजांचं आसन केलं, रसाच्या मोठाल्या काहिली उचलून मागं नेऊन ठेवल्या, भिंतींना गेरू फासला. मठ झाला झकास, पण वर्षानुवर्षं गूळ मुरलेली ती जमीन. मुंग्यांना मठाचं काही सोयरसुतक नव्हतं.

दिग्दर्शकाला लांबलचक शॉट आवडायचे. भक्त ध्यानाला बसलेत, कुणी पापणीसुद्धा हलवायची नाही, आणि ट्रॉलीवरून कॅमेरा गोगलगायीसारखा सरकतोय. इकडे आमच्या पोटऱ्यांवरून मुंग्यांची वरात. डोळे मिटून, चेहऱ्यावर परमशांती ठेवून, आतल्या आत आम्ही कुणाकुणाला काय काय शिव्या देत होतो ते देवालाच माहीत. कट म्हटलं की अख्खा पंथ उठून नाचायला लागायचा.

पण खरा गोंधळ मुंग्यांनी घातला नाही, तो पूजेनं घातला.

नव्या सेटवर पूजा झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण काढायचं नाही, ही कोल्हापुरातल्या धंद्याची रीत. सेट वाड्याचा असो, नाहीतर कोठीचा असो, नारळ फुटायचाच. दिग्दर्शक म्हणाला, अहो, आपला सिनेमाच असल्या गोष्टींच्या विरुद्ध आहे. निर्माता म्हणाला, विरुद्ध तर विरुद्ध, नारळाला काय होतंय. मंगळवार पेठेतून गुरुजी आले. त्यांना वाटलं मठ खराच आहे, किंवा काहीच वाटलं नसेल. ते कामाला पक्के होते. आसनावर सुतारानं केलेल्या लाकडी पादुका दिसल्या, तशी त्यांनी त्यांची यथासांग प्राणप्रतिष्ठा केली. मंत्र, न्यास, पंचामृत, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले आणि प्रसादाचा शिरा खाल्ला. आपण काय करून बसलो ते त्या वेळी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळाच्या दारात शेजारच्या वस्तीवरच्या चार बाया ताटं घेऊन उभ्या. दहीभात, भाकरी, एकीकडे तर पुरणपोळी. देव बसवलाय तर तो उपाशी कसा ठेवायचा? सहायक दिग्दर्शक त्यांना समजावायला गेला की हे सगळं खोटं आहे, तर त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो गुपचूप नैवेद्य आत घेऊन आला. त्यानंतर लाइटवाल्यांनी आपणहून चपला बाहेर काढल्या. मग कॅमेरावाल्यांनी. वैशाखातल्या उन्हात अख्खं युनिट अनवाणी, चटके बसले की एका पायावर उड्या मारत.

महाराजांचं काम करणारा नट हा एरवीचा पाटील. पडद्यावर बायकांचे हात धरायचे आणि शेवटी विहिरीत पडायचं, यात त्याची हयात गेलेली. पादुका घालून खडखड चालत येण्याचा त्याचा पहिला शॉट होता. तो पादुकांपाशी आला, वाकला, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "पूजा झाल्याली हाय. आता ह्यात पाय घालायला लावू नका मला. घरात लेकरंबाळं हाईत." दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. सुताराला बसवून दुसऱ्या पादुका केल्या आणि त्यांच्या आसपास कुणी गुरुजी फिरकू नयेत म्हणून त्या काहिलीखाली लपवून ठेवल्या.

आत्ती हे सगळं बाहेरच्या लिंबाखाली बसून बघायची. शेंगा फोडत, पदर डोक्यावर घेऊन. एके दिवशी भक्तिणी घेऊन येणारा ट्रक आलाच नाही, त्यांच्या गावात लग्न निघालं म्हणे. ऊन चाललेलं, दिग्दर्शक रडकुंडीला आलेला. कपडेपटाचे चाचा, जे दर्ग्याजवळच्या आपल्या दुकानात निम्म्या कोल्हापूरचे ब्लाउज शिवायचे, ते हाताला लागेल त्या बाईला पिवळी साडी देत सुटले. स्वयंपाकाच्या बाईला दिली, नैवेद्य घेऊन आलेल्या बायांना दिली, आणि एक आत्तीच्या हातात ठेवली. त्यावर मोगऱ्याचा एक गजरा.

सिनेमा काळापांढरा होता, हे इथं सांगायला हवं. पिवळा काय आणि राखी काय, पडद्यावर सगळं सारखंच. पण दिग्दर्शकाचं म्हणणं असं, की भक्तांना आतून पिवळं वाटलं पाहिजे.

आत्तीनं साडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मुद्दाम दुसरीकडे बघत मुंग्या झटकत होते, कारण मी काही बोलले असते तर तिनं ती चाचांच्या तोंडावर फेकली असती. थोड्या वेळानं वळून बघते तर आत्ती पिवळ्या साडीत. केसांत गजरा, कपाळाला बुक्का. माझ्या जवळ येऊन बसली आणि करड्या आवाजात म्हणाली, "काम हाय म्हणून नेसलीया. हसलीस तर बघ." मी कशाची हसते. तिचे केस इतके लांब आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवशीचा प्रसंग होता भक्तांच्या उन्मादाचा. दिग्दर्शकानं समजावलं: आधी नुसती मान डोलवायची, मग खांदे, मग हळूहळू, अगदी हळूहळू अंगात भिनू द्यायचं. हे ऐकून घ्यायला आत्तीला वेळ नव्हता. टाळ वाजले, तशी ती उठली, पदर खोचला आणि समोर दिसली तिचे हात धरून फुगडीला लागली. समोर होती नायिका. पुण्याकडची, शिकलेली, चेहऱ्यावर संशयाचं जाळं पसरून उभी राहायचं एवढंच जिला माहीत. तिनं जन्मात फुगडी घातली नव्हती. पण आत्तीच्या हातून सुटका कुठली. पिवळ्या साड्यांचा भोवरा गरगर फिरू लागला, नायिका आधी किंचाळली, मग हसायला लागली, मग दोघी मिळून हसायला लागल्या, आणि शेवटी आसनावरच्या महाराजांच्या मांडीवर जाऊन कोसळल्या. महाराज म्हणाले, "अगं आई गं."

सगळ्यांना वाटलं, आता बोलणी बसणार. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून बाहेर आला, त्याचे डोळे भरलेले. म्हणाला, नायिका पंथात हरवते तो क्षण मी सहा महिने शोधत होतो, तो या बाईंनी दिला.

झालं. त्या दिवसापासून आत्ती मठाची मालकीणच झाली. कुणी कुठं बसायचं, टाळ कुणी धरायचे, महाराजांनी विडी ओढून झाल्यावर बडीशेप खायची की नाही, सगळं ती ठरवायची. वस्तीवरच्या बाया तिला विचारल्याशिवाय नैवेद्य ठेवायच्या नाहीत. सकाळी सात वाजता ती माझ्या आधी तयार होऊन दारात उभी. बसमधून जाताना गुणगुणायची. मी तिला उभ्या जन्मात गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि ती बेसूर आहे हेही त्यामुळे माहीत नव्हतं. घरी परतताना मात्र सेटवर उतरवलेला विटका रंग पुन्हा अंगावर, कपाळ पुसलेलं, आणि गप्प. घरात यातलं अक्षर काढायचं नाही, हे आमचं न बोलता ठरलेलं. मला माझ्या सिनेमाची काळजी नव्हती असं नाही. पण आबांना कळलं तर आत्तीचं हे हसणं बंद होणार, ती पुन्हा त्या भिंतीला टेकून उभी राहणार, याचीच मला जास्त धास्ती होती. चार दिवसांत माझा तिच्यावर इतका जीव जडला होता की मीच तिची सोबतीण झाले होते.

आणि कळलंच. कळंब्याचा गवळी आमच्या गल्लीत दूध घालायचा. त्यानं दाराशी आईला सांगितलं, की तुमच्या वन्सं महाराजांच्या नादाला लागल्यात, पिवळं नेसून फुगड्या घालत्यात. तो काही खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीनं तिथं मठ होता, देव होता, रोज नैवेद्य जात होता. आबांना वाटलं, पोरगी शूटिंगला जाते आणि बहीण तिला सोडून शेजारच्या कुठल्या बुवाच्या मठात जाऊन बसते. आबांना बुवाबाजीचा भयंकर तिटकारा. त्यांनी फाउंड्रीत अर्धी रजा टाकली आणि सायकल काढली.

पुढचं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. वाटेत त्यांनी मठ कुठं आहे असं विचारलं, तर लोकांनी हात जोडून रस्ता दाखवला. त्यांचा संशय पक्का झाला. गुऱ्हाळाच्या दारात आरडाओरडा केला तर बहिणीला मागच्या मागं पळवतील, तेव्हा भक्त असल्याचं सोंग घेऊन आत शिरायचं आणि तिला हाताला धरून बाहेर काढायचं, असं त्यांनी ठरवलं. आमच्या सिनेमाची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. दारात चाचा पुरुष भक्तांच्या शोधातच होते. त्यांनी आबांच्या गळ्यात पिवळं उपरणं टाकलं, पायातल्या चपला काढायला लावल्या आणि ढकलून रांगेत नेऊन बसवलं.

कॅमेरा त्या दिवशी उसाच्या चिपाडांच्या ढिगामागं दडवला होता, वस्तीवरचे लोक त्यात टक लावून बघायचे म्हणून. त्यामुळे आबांना दिसलं ते एवढंच: पिवळे कपडे घालून डोळे मिटलेली माणसं, उंच आसनावर दाढीवाला महाराज, आणि समोरच्या रांगेत त्यांची स्वतःची मुलगी. मी डोळे किलकिले करून बघितलं तर समोर आबा. त्यांचा चेहरा असा झाला होता, की अरे देवा, ही पण गेली. मला उठून सांगता येईना, शॉट सुरू झालेला. आबांच्या पायावर मुंग्या चढायला लागलेल्या मला दिसत होत्या. तेही हलेनात. आपलं सोंग उघडं पडेल म्हणून ते शांतपणे चावून घेत होते.

शॉट होता नव्या भक्तांना पंथात घेण्याचा. आधी त्यात नुसता दोरा बांधायचा असं लिहिलं होतं. आत्तीला ते पटलं नव्हतं. असं कोरडं कुणी आत घेतं का, पावण्याला ओवाळायला तर पाहिजे, असं तिनंच दिग्दर्शकाला सुचवलं. तो म्हणाला, मग तुम्हीच ओवाळा. आत्तीचा चेहरा एकदम उतरला. माझ्या हातनं नको, दुसरीला सांगा, असं ती दोनदा म्हणाली. त्या पुण्याच्या माणसाला त्यातलं काही उमगलं नाही. तो म्हणाला, छे, तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही.

आत्ती ताट घेऊन निघाली. निरांजन, अक्षता, सुपारी, बुक्का. एकेका भक्ताच्या कपाळाला बुक्का लावायची, ओवाळायची, पुढं सरकायची. आबांनी तिला येताना बघितलं. पिवळ्या साडीतली, केसांत फुलं माळलेली, तोंडभर हसू असलेली ही बाई आपली बहीण आहे हे त्यांना लगेच पटलं नसावं. त्यांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले, उठायच्या बेतात. मी डोळे गच्च मिटून घेतले. मग बघवेना म्हणून पुन्हा उघडले.

आत्ती त्यांच्यासमोर आली. तिनं खाली बघितलं. निरांजनाची ज्योत एकदा खाली वाकली.

आमच्या घरात भाऊबीजेला आबांना ओवाळायला त्यांची चुलत बहीण यायची. आत्ती त्या वेळी चुलीपुढं बसून करंज्या तळायची. आबा पाटावरून उठून आत जायचे, तिच्या हातात साडी ठेवायचे, दोघंही एकमेकांकडे न बघता काही तरी भलतंच बोलायचे, आणि सण संपायचा. मला कळायला लागल्यापासून हे असंच होतं.

दिग्दर्शक काही कट म्हणेना. त्याला धुमसणारं काही तरी दिसलं असावं. आत्तीनं बोट बुक्क्यात बुडवलं आणि भावाच्या कपाळाला लावलं. अक्षता टाकल्या. मग ताट उचललं आणि सावकाश ओवाळायला लागली. आबा टेकलेले हात उचलून मांडी घालून नीट बसले, पाठ ताठ, मान थोडी पुढं, पाटावर बसतात तसे. आणि ओवाळून होताच त्यांचा हात आपसूक खिशात गेला आणि त्यांनी ओवाळणी ताटात टाकली. नाणं ठणकन वाजलं.

चिपाडामागून सहायक ओरडला, "कट, कट! ताटात पैसे कुणी टाकले?"

ढिगातून माणसं, ट्रॉली, कॅमेरा सगळं बाहेर आलं. महाराजांनी दाढी खाली ओढून घाम पुसला. आबा त्या सगळ्यांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा आत्तीकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. आत्ती ताट तसंच धरून उभी. आता तिच्या तोंडावर हसू नव्हतं. आबा म्हणाले, "आक्का, चल घरला."

"शॉट झाला न्हाय अजून," आत्ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

दिग्दर्शक धावत आला. त्यानं आबांचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की तुम्ही अप्रतिम बसलात, फक्त ताटात काही टाकू नका, पंथात तसं नसतं, आपण पुन्हा करू. आबांनी त्याचं बोलणं ऐकलं की नाही कोण जाणे. ते आत्तीच्या कपाळावरच्या बुक्क्याकडे बघत होते. मग त्यांनी पायावरच्या मुंग्या झटकल्या, उपरणं सारखं केलं आणि होते त्या जागी खाली बसले.

दुसऱ्या टेकला त्यांनी पुन्हा ओवाळणी टाकली. तिसऱ्यालाही. दिग्दर्शक काकुळतीला आला. आबा दर वेळी मान डोलवायचे, आणि आत्ती ओवाळून थांबली की हात खिशात. इकडे आम्ही सगळे हसून हसून बेजार, ध्यान कुणाचं लागतंय. चाचा डोळे पुसत होते. आत्ती हसत होती आणि रडतही होती, आणि तिचा बुक्का वितळून नाकावर आलेला. खिसा रिकामा झाला तेव्हा आबांनी वळून खुद्द महाराजांकडे उसने मागितले, आणि महाराजांनी भगव्या कफनीच्या आतून पाकीट काढून दिलं.

शेवटी दिग्दर्शकानं हात जोडले. म्हणाला, काका, फिल्म संपत आली, आता तरी पुरे करा.

आबा म्हणाले, "तुमची फिल्म ऱ्हाऊ द्या वो पावणं. आमचं लई वर्सांचं ऱ्हायलंय." आणि त्यांनी आत्तीपुढं पुन्हा मान वाकवली.